शिक्षा ‘एकत्रित भोगायच्या’ म्हणजे नक्की किती वर्षं? आणि तसं असावं का?

मेधा_कर्वेनगर

निकालाच्या बातमीचं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं : ‘आरोपीने सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत.’ हे वाचून अनेक जण सरळ बेरीज करतात. पाच, तीन आणि दोन वर्षांच्या शिक्षा असतील तर दहा वर्षं आत, असा हिशोब मांडतात. त्यांचं फारसं चुकतं असंही नाही. ‘एकत्रित उत्पन्न’, ‘एकत्रित वजन’ म्हटलं की आपण बेरीजच समजतो. न्यायालयाच्या भाषेत मात्र अर्थ नेमका उलटा आहे : सगळ्या शिक्षा एकाच वेळी, सोबत चालतात.

शिवाजीनगर कोर्टात आणि येरवड्याच्या भेटीच्या रांगेत वाटता येईल असं, कैद्यांच्या नातेवाइकांसाठी चार पानी माहितीपत्रक आम्ही तयार करतोय. त्यासाठी तीन गोष्टी नेमक्या हव्या आहेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्यानंतर या बाबतीत काय बदललं? आणि निकालपत्रात यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर काय धरायचं?

एकाच माणसावर वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत आठ-दहा गुन्हे असतील आणि प्रत्येकात वेगळी शिक्षा झाली, तर त्या कशा मोजतात?

तिसरा प्रश्न मताचा आहे. शेकडो ठेवीदारांना बुडवणाऱ्या माणसाला सगळ्या शिक्षा एकदम भोगू द्यायच्या, म्हणजे पहिल्या ठेवीदाराचा हिशोब झाला आणि बाकीचे फुकट गेले, असं होत नाही का? मला स्वतःला हे पटत नाही. पण विरुद्ध बाजू नीट समजून घ्यायची आहे.

कोर्टआवार

मेधाताई, पहिल्या दोन प्रश्नांत एक मूळ फरक आहे, तो माहितीपत्रकात अगदी वर घ्या. एकाच खटल्यात अनेक कलमांखाली दोष सिद्ध होणं वेगळं, आणि वेगवेगळ्या खटल्यांत शिक्षा होणं वेगळं. दोन्हींची कलमं वेगळी, नियम वेगळे. लोकांची सगळ्यात मोठी गल्लत इथे होते, आणि कधी कधी वकिलांचीही.

एकच खटला असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१, नव्या संहितेचं कलम २५. जुन्या कलमाची रचना अशी होती की न्यायालयाने वेगळं काही सांगितलं नाही तर शिक्षा एकामागून एक चालतील. न्यायाधीश गप्प राहिले की बेरीज, असा त्याचा सरळ परिणाम. सर्वोच्च न्यायालयाने पुढे सांगितलं की क्रमाने भोगणं हा काही ठाम नियम नाही, तो न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे, आणि न्यायालयाने कोणती पद्धत ते निकालात स्पष्ट लिहिलंच पाहिजे. नव्या कलम २५ मध्ये ही गोष्ट कायद्याच्या मजकुरातच आली आहे : गुन्ह्यांचं गांभीर्य लक्षात घेऊन न्यायालयाने शिक्षा एकत्रित की क्रमाने हे ठरवून द्यायचं आहे. म्हणजे मौनाला जागा ठेवलेली नाही. माझ्या मते नव्या संहितेतल्या चांगल्या बदलांपैकी हा एक आहे, फक्त त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

१ जुलै २०२४ च्या आधीपासून प्रलंबित असलेले खटले जुन्या संहितेप्रमाणेच पुढे चालतात. त्यामुळे आज लागलेल्या निकालातही कलम ३१ दिसू शकतं. नातेवाइकांनी त्याने गोंधळू नये.

याच्याही आधीची एक पायरी आहे, ती म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ९, जुन्या दंड संहितेचं कलम ७१. त्यातलं उदाहरण १८६० पासून तसंच आहे आणि समजावायला फार सोपं आहे. एकाने दुसऱ्याला काठीचे पन्नास फटके मारले. प्रत्येक फटका मोजून एकेक वर्ष दिलं तर पन्नास वर्षं होतील, पण कायदा म्हणतो की मारहाण एकच, शिक्षाही एकच. मात्र मारहाण चालू असताना तिसरा माणूस सोडवायला मध्ये पडला आणि मारणाऱ्याने जाणूनबुजून त्यालाही फटका हाणला, तर तो वेगळा गुन्हा आणि त्याची शिक्षा वेगळी. एकत्रित-क्रमाने या सगळ्या वादाचं मूळ या दोन ओळींत आहे. कृत्य एक की अनेक, हे आधी ठरतं. शिक्षा कशा भोगायच्या, हे त्यानंतर.

क्रमाने शिक्षा दिल्या तर बेरजेला मर्यादा आहे. कलम २५(२) प्रमाणे एकूण कैद वीस वर्षांच्या वर जाता येत नाही (जुन्या कलमात चौदा होती), आणि त्या न्यायालयाला एका गुन्ह्यासाठी जेवढी शिक्षा देता येते त्याच्या दुपटीच्या वरही जाता येत नाही. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद देता येते. म्हणजे एकाच खटल्यात सगळ्या शिक्षा क्रमाने दिल्या तरी सहा वर्षं ही हद्द झाली. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा अधिकार सात वर्षांचा, म्हणून तिथे दुप्पट चौदा. अपिलासाठी मात्र क्रमाने दिलेल्या शिक्षांची बेरीज ही एकच शिक्षा धरली जाते. ती सात वर्षांच्या वर गेली तर अपील सत्र न्यायालयात न जाता थेट उच्च न्यायालयात जातं. अपिलाची मुदत सत्र न्यायालयासाठी ३० दिवस, उच्च न्यायालयासाठी ६० दिवस.

पक्का_हिशोब

कोर्टआवार यांनी कायदा सांगितला, मी मोजणी दाखवतो. निकालाचं वाचन ‘अंतिम आदेश’ या मथळ्यापासून सुरू करा. आधीची तीस पानं नंतर वाचली तरी चालतील.

समजा, घरफोडीचा खटला आहे आणि प्रथम वर्ग न्यायालयाने असा आदेश दिला :

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१(४) खाली दोन वर्षे सक्तमजुरी, ५,००० रुपये दंड, दंड न भरल्यास तीन महिने साधी कैद.
कलम ३०५ खाली एक वर्ष सक्तमजुरी, ५,००० रुपये दंड, दंड न भरल्यास तीन महिने साधी कैद.
दोन्ही शिक्षा एकत्रित भोगायच्या.
कच्च्या कैदेत (निकालाआधी आत) काढलेले दिवस शिक्षेतून वजा करावेत.

आरोपीला १० मार्च २०२५ ला अटक, तेव्हापासून जामीन नाही, निकाल १० जानेवारी २०२६ ला. कच्च्या कैदेचे ३०६ दिवस वजा होतात (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६८, जुनं ४२८). अटक ते निकाल मध्ये खंड नसल्यामुळे सोप्या भाषेत शिक्षा अटकेच्या दिवसापासूनच मोजा. शिक्षा एकत्रित असल्याने एक वर्ष हे दोन वर्षांच्या पोटात बसतं आणि मूळ शिक्षा ९ मार्च २०२७ ला संपते. हाच आदेश क्रमाने असता तर तीन वर्षं, म्हणजे ९ मार्च २०२८. कारागृहात मिळणारी माफी (शिक्षेच्या दिवसांतली सूट) या दोन्ही तारखांत धरलेली नाही, ती वेगळी.

आता जिथे घरचे लोक फसतात ती जागा. दंड भरला नाही तर ९ मार्च २०२७ ला सुटका होत नाही. दोन्ही दंडांपोटीचे तीन-तीन महिने वर चढतात आणि तारीख ९ सप्टेंबर २०२७ वर जाते. दंड न भरल्याची कैद एकत्रित चालत नाही. ती मूळ शिक्षेसोबत चालत नाही आणि दुसऱ्या दंडाच्या कैदेसोबतही नाही. ही कैद इतर कुठल्याही कैदेच्या वर असेल, असं कायद्यातच म्हटलं आहे. महाराष्ट्रातल्याच एका मोक्का प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे पक्कं केलं : न्यायालयाने ‘सर्व शिक्षा एकत्रित’ असं कितीही मोघम लिहिलं तरी त्यात दंडापोटीची कैद येत नाही. कच्च्या कैदेचे दिवसही या कैदेतून वजा होत नाहीत, कारण वजावटीच्या कलमाने तिला शब्दांत वगळलं आहे.

म्हणून माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहा की सगळे दंड जमत नसतील तर निदान एक भरा. अर्धा भरला तरी त्या प्रमाणात कैद कमी होते. आत गेल्यावरही भरता येतो. पूर्ण रक्कम भरली की त्या दंडाची कैद तिथेच थांबते. पाच हजार रुपयांसाठी तीन महिने जास्त आत राहणारे लोक असतात, आणि पुष्कळदा घरी कुणाला माहीतच नसतं की ही रक्कम भरता येते.

दंडापोटी किती कैद लावता येते यालाही मर्यादा आहे. ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही आहेत, तिथे त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेचा एक चतुर्थांश. न्यायदंडाधिकाऱ्यांसाठी शिवाय त्यांच्या स्वतःच्या अधिकाराचाही एक चतुर्थांश, म्हणजे तीन वर्षांच्या अधिकारावर नऊ महिने. आदेशात याहून जास्त दिसलं तर ते अपिलात घ्या.

कोर्टआवार

आता दुसरा प्रश्न, वेगवेगळे खटले. इथे कलम ४६७, जुनं ४२७. आधीची शिक्षा भोगत असलेल्या माणसाला नव्या खटल्यात शिक्षा झाली, तर नवी शिक्षा आधीची संपल्यावर सुरू होते. न्यायालयाने ‘आधीच्या शिक्षेसोबत’ असं लिहिलं तरच ती सोबत चालते. इथे मौनाचा अर्थ आजही बेरीज हाच आहे. कलम २५ सुधारलं, पण ४६७ ची मूळ चाल तीच राहिली. आणि कलम २५ मधली वीस वर्षांची किंवा दुपटीची मर्यादा इथे लागत नाही, ती फक्त एका खटल्यापुरती आहे.

याचा परिणाम काय होतो ते बघा. सोनसाखळी चोरीचं घ्या. न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. एकाच टोळीतल्या एकाने दोन महिन्यांत बारा ठिकाणी साखळ्या ओढल्या. काही गुन्हे पुणे शहर आयुक्तालयात, काही २०१८ पासून वेगळं झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, काही ग्रामीण हद्दीत. बारा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), बारा दोषारोपपत्रं, बारा तारखा. प्रत्येक खटल्यात दोन वर्षं झाली आणि कुठेच ‘सोबत’ हा शब्द नसला तर चोवीस वर्षं. हेच गुन्हे एका खटल्यात असते तर प्रथम वर्ग न्यायालयाला सहाच्या वर जाता आलं नसतं.

हा कागदावरचा हिशोब नाही. उत्तर प्रदेशात वीज मंडळाच्या साहित्याच्या चोरीचे नऊ खटले एका माणसावर होते. त्याने शिक्षेच्या वाटाघाटीचा मार्ग घेऊन गुन्हे कबूल केले. प्रत्येकात दोन वर्षं, आणि कुठल्याच आदेशात ‘सोबत’ नाही. कारागृहाने अठरा वर्षं मोजली. उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने शिक्षा एकत्रित चालतील असा आदेश दिला. वीजसाहित्याच्या चोरीला अठरा वर्षं लागत होती, म्हणजे जन्मठेपेच्या कैद्याला मुदतपूर्व सुटकेचा विचार होण्याआधी सक्तीने काढाव्या लागणाऱ्या चौदा वर्षांपेक्षा चार जास्त. एक शब्द लिहायचा राहिला म्हणून.

पुण्यातल्या वकिलांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘भोगलेल्या कैदेवर सुटेल’ या हिशोबाने चार-पाच फायलींत एकाच दिवशी गुन्हा कबूल करायला लावण्याआधी प्रत्येक फायलीत एक ओळीचा अर्ज द्या, की इतर खटल्यांतल्या शिक्षेसोबत ही शिक्षा चालावी. इतर खटल्यांचे क्रमांक, निकालाच्या तारखा आणि शिक्षा अर्जातच लिहा. न्यायाधीशांना समोरच्या फायलीबाहेरचं आपोआप दिसत नसतं.

सिंहगडरोड_वाचक

इथे एक भर घालतो. ‘सोबत’ मिळालं तरी ते मागच्या तारखेपासून मिळत नाही. आधीच्या तीन वर्षांच्या शिक्षेतलं एक वर्ष उरलं असताना नवी दोन वर्षांची शिक्षा सोबत चालू झाली, तर फायदा एका वर्षाचाच. आणि आधीची शिक्षा पूर्ण भोगून झाली असेल तर सोबत चालायला काही शिल्लकच नाही. म्हणून उशीर महागात पडतो.

दुसरी अडचण कच्च्या कैदेची. माणूस एका गुन्ह्यात आत असतो. दुसऱ्या गुन्ह्याचे पोलीस म्हणतात, आतच आहे, पळून कुठे जातो? आणि त्या गुन्ह्यात अटक दाखवायला सहा महिने लावतात. ज्या गुन्ह्यात अटक दाखवलेली नाही त्या गुन्ह्यात ते सहा महिने वजा होत नाहीत. दोन्हीकडे अटक दाखवलेली असेल तर तेच दिवस दोन्ही खटल्यांत धरता येतात, हे महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे आरोपी आत आहे आणि दुसऱ्या गुन्ह्यात त्याचं नाव आहे हे कळलं, की त्याच्या वकिलानेच अर्ज करून प्रॉडक्शन वॉरंटवर त्याला त्या न्यायालयात हजर करून घ्यावं. आणखी एका गुन्ह्यात अटक ओढवून घ्यायची, हे नातेवाइकांना विचित्र वाटतं. पण दिवस तिथूनच मोजायला सुरुवात होते.

एक वाट फारशी वापरली जात नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २४२ प्रमाणे बारा महिन्यांच्या आतले एकाच प्रकारचे पाच गुन्हे एका खटल्यात चालवता येतात. पूर्वी ही संख्या तीन होती. एकाच न्यायालयाच्या हद्दीतले गुन्हे असतील तर आरोपनिश्चितीच्या आधी हा अर्ज करून बघावा.

मेधा_कर्वेनगर

खूप उपयोगी. तिसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक उपप्रश्न. ‘दुहेरी जन्मठेप’ असं बातम्यांत येतं. चौदा अधिक चौदा असं लोक धरतात. ते कसं समजवायचं?

कोर्टआवार

चौदाचा आकडा आधी खोडून काढा. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. हे आपल्याकडे १९६१ मध्येच ठरलं, गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर. शिक्षा वीस वर्षांची धरून माफीचे दिवस जोडले की आपली शिक्षा पूर्ण झाली, असा त्यांचा युक्तिवाद होता. वीस वर्षं हा आकडा कायद्यात शिक्षेचे अपूर्णांक मोजण्यासाठी आहे, जन्मठेप वीस वर्षांत संपते असा त्याचा अर्थ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. चौदा वर्षांचा संबंध फक्त सुटकेच्या विचाराशी आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली तर चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही. चौदा झाली की सुटका, असा हक्क त्यातून निघत नाही.

माणसाला जन्म एकच, म्हणून दोन जन्मठेपा एकामागून एक चालूच शकत नाहीत. १९ जुलै २०१६ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हेच सांगितलं. त्या निकालात एक बारकावा आहे : मुदतीची शिक्षा आधी भोगायची आणि मग जन्मठेप सुरू करायची, असा आदेश देता येतो. उलटा क्रम लावता येत नाही. आधी जन्मठेप झाली आणि नंतर दुसऱ्या खटल्यात मुदतीची शिक्षा झाली, तर कलम ४६७(२) प्रमाणे ती सोबतच चालते.

आणि जन्मठेप अपुरी वाटते तिथे आपल्या न्यायव्यवस्थेने बेरीज न करता वेगळी वाट काढली आहे, ठरावीक वर्षं सुटकेचा विचारच नाही अशी कैद. ती फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालय देऊ शकतं. पुण्यातल्या २००७ च्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात फाशीच्या अंमलबजावणीला झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फाशी रद्द केली आणि पस्तीस वर्षं कैद ठरवली. आकडा समोर आहे, त्यासाठी कसली बेरीज करावी लागली नाही.

ठेवीदारांच्या_बाजूने

मेधाताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर मी तुमच्या बाजूने आहे, पण पूर्ण नाही.

ठेवीदारांचं हितसंरक्षण करणारा आपला राज्याचा कायदा १९९९ चा. ठेव परत न करण्याला कलम ३ खाली सहा वर्षांपर्यंत कैद. त्यासोबत फसवणूक आणि विश्वासघाताची कलमं लागतात. सगळं एका खटल्यात, सगळ्या शिक्षा एकत्रित. म्हणजे ठेवीदार वीस असोत की दोन हजार, कैदेची वर्षं जवळपास तीच राहतात. ज्या बाईने निवृत्तीचे सगळे पैसे ठेवले, तिने साक्ष दिली, उलटतपासणी सोसली. तिच्या नुकसानीची शिक्षेत कुठे तरी नोंद दिसली पाहिजे ही मागणी रास्त आहे.

पण प्रत्येक ठेवीदारामागे वर्षं जोडत जायचं हे उत्तर मला पटत नाही. अमेरिकेत बर्नार्ड मॅडॉफला २००९ मध्ये अकरा आरोपांवर कमाल शिक्षा क्रमाने लावून दीडशे वर्षं दिली. तो ७१ वर्षांचा होता. २०२१ मध्ये तुरुंगात वारला. बारा वर्षं आत काढली. उरलेली एकशे अडतीस वर्षं ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्या हाती काय देऊन गेली? त्यांना जे परत मिळालं ते मालमत्ता वसुलीतून. आपल्याकडेही ठेवीदाराने डोळ्यांत तेल घालून बघायची जागा शिक्षेच्या वर्षांत नाही. कलम ४ ची जप्तीची अधिसूचना, सक्षम प्राधिकाऱ्याकडची मालमत्तांची यादी आणि लिलाव, हे तिथलं खरं काम. तिथे एक फ्लॅट यादीतून सुटला तर पाच वर्षं जास्त कैद देऊन तो भरून निघत नाही.

मला मधली वाट योग्य वाटते आणि तिला आधारही आहे. धनादेश न वटल्याच्या पंधरा खटल्यांत एकाच संचालकाला शिक्षा झाली होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यांचे गट पाडले. एका कंपनीच्या कर्जव्यवहारातले धनादेश एका गटात, आणि त्या गटातल्या शिक्षा एकत्रित. दुसऱ्या कंपनीचा व्यवहार म्हणजे दुसरा गट, आणि संचालक तोच असला तरी गटागटांमध्ये सवलत नाही. दंड किंवा भरपाई न दिल्याच्या कैदेला तर हात लावलाच नाही. ठेवींच्या प्रकरणातही असंच बघता येईल. एका योजनेत, एका काळात घेतलेल्या ठेवी हा एक व्यवहार. योजना बुडतेय हे कळल्यावर नाव बदलून दुसरी योजना काढली आणि पुन्हा पैसे गोळा केले, तर तो नवा निर्णय, नवा गुन्हा, आणि त्याची शिक्षा पहिल्या शिक्षेनंतर.

कोर्टआवार

या गटांच्या मांडणीशी सहमत आहे. व्यवहार वेगळा असेल तर न्यायालयं कडक राहतात, याचंही उदाहरण आहे. अमली पदार्थांच्या दोन वेगळ्या खटल्यांत, एक अमृतसरचा, एक दिल्लीचा, अनुक्रमे बारा आणि पंधरा वर्षं झाली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या एकत्रित करायला नकार दिला. एकदा पकडला गेला, तरी पुन्हा तोच धंदा केला, त्याला सवलत का द्यायची, हा प्रश्न तिथे बरोबर होता.

माझं मत विचाराल तर एका कृत्याच्या पोटातल्या कलमांना एकत्रित, आणि थांबायची संधी मिळूनही पुन्हा केलेल्या गुन्ह्याला क्रमाने. पण यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कारण लिहिणं. ‘एकत्रित भोगाव्यात’ एवढ्या दोन शब्दांनी फिर्यादीचं समाधान होत नाही, आणि ‘क्रमाने’ एवढं म्हणून आरोपीला अपिलात काही मुद्दा सापडत नाही. दोन ओळींत कारण दिलं तर दोघांनाही ते तपासता येतं. शिक्षेवर म्हणणं मांडायला सत्र खटल्यात कलम २५८(२) आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढच्या वॉरंट खटल्यात २७१(२) खाली संधी असते. तिथे दोन्ही बाजू ‘वय लहान आहे, घरी आई-वडील आहेत’ आणि ‘जास्तीत जास्त शिक्षा व्हावी’ एवढंच बोलून खाली बसतात. कृत्य एक की अनेक, हा मुद्दा त्याच दिवशी मांडायला हवा.

कारण त्यानंतर त्याच न्यायालयाकडे परत जाता येत नाही. निकालावर सही झाली की कलम ४०३ प्रमाणे फक्त लेखनातली किंवा आकडेमोडीची चूक दुरुस्त होते. ‘एकत्रित लिहायचं राहिलं’ ही लेखनातली चूक धरली जात नाही.

पक्का_हिशोब

मग राहिलेलं असेल तर काय करायचं, तेही माहितीपत्रकात द्या.

निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते (कलम ४०४). ती आधी मागून घ्या. कारागृहातून भोगलेल्या कैदेचा दाखला मागा. त्यात कोणत्या खटल्याचं वॉरंट (शिक्षा भोगायला पाठवण्याचा न्यायालयाचा आदेश) कोणत्या तारखेपासून मोजलं जातंय हे दिसतं आणि चूक असेल तर तिथेच सापडते. मग एक तक्ता करा : गु.र.नं., पोलीस ठाणे, खटला क्रमांक, अटक दाखवल्याची तारीख, निकालाची तारीख, मूळ शिक्षा, दंड, दंडापोटीची कैद, दंड भरला की नाही. कारागृहात प्रत्येक वॉरंट वेगळं नोंदलं जातं. एखाद्या वॉरंटवर ‘सोबत’ नसेल तर अधीक्षक स्वतःच्या अधिकारात ते जोडू शकत नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

अपिलाची मुदत शिल्लक असेल तर अपिलात हा मुद्दा घ्या. मुदत गेली असेल तर विलंबमाफीच्या अर्जासह अपील, किंवा उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली अर्ज. पुणे जिल्ह्याचं काम मुंबईच्या मुख्य पीठाकडेच जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आहेत, पुणे नाही. सातारा-सोलापूरच्या खटल्यांतले कैदीही येरवड्यात असतात. तेव्हा कैदी कुठे आहे ते बघू नका, शिक्षा कोणत्या जिल्ह्याच्या न्यायालयाने दिली ते बघा.

वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीत असलेली व्यक्ती आणि महिला यांना १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट त्यांना नाही.

मेधा_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. पक्का_हिशोब यांचा तक्ता तसाच छापणार आहोत, रिकामे रकाने ठेवून. मजकुरात ‘एकत्रित’च्या जागी ‘सोबत-सोबत’ आणि ‘क्रमाने’च्या जागी ‘एक संपल्यावर दुसरी’ असं लिहिते. कंसात निकालपत्रातला शब्द राहील, म्हणजे लोकांना आपल्या प्रतीत तो शोधता येईल. ठेवीदारांच्या बाबतीत गटांची मांडणी मला पटली. मी प्रत्येक ठेवीदार वेगळा धरत होते.

पक्का_हिशोब

तक्त्याच्या खाली एक ओळ वाढवा. दंड न्यायालयात भरला की पावतीची एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि भरणा झाल्याचं न्यायालयाचं पत्र कारागृहात पोचलं का, हे सुटकेच्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी विचारा. पैसे भरलेले आणि कागद पोचलेला नाही, म्हणून दंडापोटीची कैद सुरू झाली, असं होऊ देऊ नका.